घरी बांधलेल्या हेलिकॉप्टरचं इंजिन हवेत बंद पडलं तर?

अश्विनी_विस्कॉन्सिन

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे हवाई दलातले, गॅरेजवाले, वैमानिक असे सगळ्या प्रकारचे लोक येतात, म्हणून विचारते.

आम्ही ऑशकोशपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर राहतो. स्वतःच्या हाताने विमानं बांधणाऱ्यांचा तो जुलै अखेरचा मेळावा तिथेच भरतो. या भागात विमान गॅरेजमध्ये बांधायला घेणं फारसं कुणाला विशेष वाटत नाही. नवऱ्याला तिथूनच हे वेड लागलं आणि आता तो किटमधून बांधलेलं एक सेकंडहँड हेलिकॉप्टर घ्यायचं म्हणतोय. एकच सीट, फायबरग्लासचं अंग, पाठीमागे दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, वर दोन पात्यांचा रोटर.

आमच्या छोट्या विमानतळावर एका गृहस्थांकडे जवळजवळ असंच मशीन आहे. गेल्या उन्हाळ्यात सुमारे सातशे फुटांवर त्यांचं इंजिन एकदम बंद पडलं. खाली नुकतंच कापलेलं अल्फाल्फा गवताचं शेत होतं, तिथे उतरले. एका स्किडला, म्हणजे चाकांऐवजी खाली असलेल्या लांब नळीला, बाक आला, त्यांना खरचटलंही नाही. ट्रेलर घेऊन मदतीला गेलेल्यांत आम्ही होतो. मशीन शेतात सरळ उभं होतं आणि ते गृहस्थ शांतपणे फोटो काढत होते.

सासूबाईंचं म्हणणं, विमान निदान तरंगत तरी खाली येतं, हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं. नवरा म्हणतो, ऑटोरोटेशन असतं, काळजी नको. ते शेत पाहून आल्यापासून मला वाटतं की इंजिन बंद पडणं हा त्यातला सर्वांत वाईट प्रसंग नसावा. पण ते गृहस्थ वाचले ते कौशल्याने की खाली नेमकं गवत होतं म्हणून? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावं. घाबरवलंत तरी चालेल.

---

खटपट्या

हेलिकॉप्टर किटमध्ये येतं? मी आत्तापर्यंत फक्त टेबल-खुर्च्याच किटमध्ये पाहिल्या आहेत, आणि त्यातही शेवटी दोन स्क्रू उरतात. हेलिकॉप्टरमध्ये स्क्रू उरले तर काय करतात?

---

चक्रधर

खटपट्या, उरले तर मशीन हँगरबाहेर काढत नाहीत. :)

अश्विनीताई, मी ॲरिझोनात हेलिकॉप्टर शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा अंदाज बरोबर आहे, पण एका अटीवर.

हेलिकॉप्टरला उचलून धरतो तो रोटर. इंजिनाचं काम रोटर फिरता ठेवणं एवढंच. इंजिन बंद पडलं की मधला फ्रीव्हील क्लच इंजिनाला सोडून देतो आणि रोटर मोकळा फिरत राहतो. तेव्हा डाव्या हातातला कलेक्टिव्ह, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा, ताबडतोब पूर्ण खाली करायचा. पाती सपाट झाली की खालून वर येणारी हवाच रोटर फिरवू लागते. हेच ऑटोरोटेशन. पात्याचा मधला भाग रोटरला फिरवतो, टोकाकडचा भाग वजन पेलतो. मशीन खाली येत असतं, पण पूर्ण ताब्यात असतं. शेपटीचा रोटरही मुख्य रोटरलाच जोडलेला असल्यामुळे मशीनचं तोंड वळवणारी पॅडल चालू राहतात.

आता अट. हात खाली जायला उशीर झाला तर पात्यांचा कोन मोठाच राहतो, हवेचा अडथळा रोटरला थांबवू लागतो, आणि ठरावीक मर्यादेच्या खाली फेरे गेले की ते परत मिळत नाहीत. आम्ही शिकवतो ते रॉबिन्सन आर-२२ हलक्या पात्यांचं आहे. त्यात चालकाला जेमतेम सेकंद-दीड सेकंद मिळतो. एकआसनी किटची पातीही हलकीच असतात. तेवढ्यात 'काय झालं?' हा विचारसुद्धा पुरा होत नाही. हात आधी जायला हवा, विचार मागून.

पुढचं गणितही कळू दे. आर-२२ ६५ नॉट (ताशी सुमारे १२० किलोमीटर) वेगाने ऑटोरोटेशनमध्ये आणलं तर ते मिनिटाला दीड हजार फुटांच्या आसपास खाली येतं आणि एक फूट उतरताना साधारण चार फूट पुढे जातं. म्हणजे सातशे फुटांवरून अर्धा मिनिटही हातात नाही आणि फार तर आठ-नऊशे मीटरच्या आत जागा हवी. जमिनीपासून चाळीसेक फुटांवर नाक वर उचलून वेग मारायचा, मग मशीन सरळ करायचं, आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर ओढून रोटरमध्ये साठलेली ताकद खर्च करत टेकायचं. ती ताकद एकदाच वापरता येते. दहा फूट आधी वापरली तर उरलेले दहा फूट खरोखरच दगडासारखे.

तुमचे गृहस्थ वाचले त्यात गवताचा वाटा नक्की आहे. पण गवतापर्यंत मशीन आणलं ते त्यांनी.

---

मंजिरी_सातारा

चक्रधर, फार छान समजावलंत. आमच्याकडे महाबळेश्वरच्या जंगलात हळदवेल असते, काहीजण तिला माधवीलता म्हणतात. तिच्या फळाला तीन पंख असतात आणि ते गरगर फिरत सावकाश खाली येतं. तिथे तर इंजिन नसतंच. मी मुलांना निसर्गसहलीत ते हातावर घेऊन उडवून दाखवते. आता यापुढे हेलिकॉप्टरचंही सांगेन.

---

निवृत्त_सुभेदार

मी आर्मी एव्हिएशनमध्ये तंत्रज्ञ होतो. शेवटची वर्षं नाशिक रोडला गांधीनगरच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये काढली. चीता आणि चेतक दिवसभर घिरट्या घालायचे. आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांना त्या आवाजाची सवय आहे, पण त्यातली कितीतरी उड्डाणं हाच सराव असतो हे त्यांना ठाऊक नसतं. मास्तर विद्यार्थ्याला न सांगता पॉवर कमी करायचे. पोरगा घामाघूम होऊन उतरायचा, पाणी प्यायचा, पुन्हा वर.

चीत्यावरून एक गोष्ट सांगतो. चीता म्हणजे फ्रान्सचं लामा, एचएएलने (हिंदुस्थान एरोनॉटिक्सने) परवाना घेऊन बनवलेलं. आपलं सियाचिन त्याच्यावर चाललं. २१ जून १९७२ ला ज्याँ बूले या फ्रेंच चाचणी वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरपर्यंत नेलं. एव्हरेस्टच्याही साडेतीन किलोमीटर वर. उतरायला सुरुवात करताना पॉवर कमी केली आणि त्या विरळ, गोठलेल्या हवेत टर्बाइन विझलं, ते पुन्हा पेटलंच नाही. तो माणूस तिथून जमिनीपर्यंत ऑटोरोटेशनवर आला आणि धड उतरला. एका उड्डाणात दोन विक्रम झाले. आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना हे सांगितलं की ती फ्रीव्हीलकडे जरा आदराने बघायची.

अश्विनीबाई, सासूबाईंना हे वाचून दाखवा.

---

पाना_पक्कड

सगळे उतरण्याबद्दल बोलताय. बंद का पडलं ते कुणी विचारत नाही! इचलकरंजीत माझं टू-स्ट्रोकचं गॅरेज होतं, त्यामुळे माझा हात तिथेच जातो. अश्विनीताई, इंजिन उघडलं तेव्हा काय निघालं?

---

अश्विनी_विस्कॉन्सिन

पाना_पक्कड, एका पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने खोल उभे ओरखडे होते आणि रिंग अडकली होती. दुसरा सिलिंडर स्वच्छ. टाकीत पेट्रोल होतं, ऑइलही मोजून मिसळलेलं होतं. ते लांब उड्डाणानंतर परत येत होते आणि हळूहळू उंची कमी करत होते.

सुभेदारकाका, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तो फ्रेंच माणूस पट्टीचा होता, आपला अजून शिकतोय.

---

पाना_पक्कड

मग ऐका. ज्यांनी आरएक्स-१०० वापरली त्यांना लगेच कळेल. खंबाटकीचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आणि ॲक्सिलरेटर पूर्ण बंद, असं लांबवर येऊ नका असं जुने मेकॅनिक का सांगायचे? चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात, पण पेट्रोल जेमतेम जातं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. फेरे तेवढेच, वंगण निम्मं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो सिलिंडरपेक्षा लवकर फुगतो आणि धरतो. गाडी सीझ.

हेलिकॉप्टरमध्ये हा घाट रोजचाच. रोटरचे फेरे कायम एकाच ठिकाणी ठेवावे लागतात, वर जाताना आणि खाली येतानाही. उंची कमी करताना कलेक्टिव्ह थोडा खाली केला की इंजिनावरचा भार उतरतो, थ्रॉटल अर्धवट मिटतो, पण फेरे तेच. अशा वेळी कार्ब्युरेटरची मधली सुई पातळ मिश्रण देत असेल तर एक्झॉस्टचं तापमान खाली यायच्या ऐवजी वर चढतं. नवख्याला वाटतं, भार कमी झाला म्हणजे इंजिनाला आराम मिळाला.

म्हणून प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्टला वेगळा तापमानाचा काटा हवा, आणि उतरताना डोळा त्या काट्यावर हवा. एक सिलिंडर धरला आणि दुसरा स्वच्छ राहिला, म्हणजे दोघांचं मिश्रण सारखं नव्हतं. कार्ब्युरेटर दोन असतील तर दोघांचं ट्यूनिंग बघा, मधल्या रबरी जोडाला चीर गेली आहे का बघा. चिरेतून जादा हवा शिरते.

चक्रधरांना माझं एवढंच सांगणं, शंभरदा सुखरूप उतरण्यापेक्षा एकदा नीट सुई बसवलेली बरी.

---

चक्रधर

पाना_पक्कड, माहिती सोन्यासारखी आहे, जपून ठेवली. पण शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. सुई कितीही नीट बसवा, टू-स्ट्रोक कधी ना कधी थांबणार असं धरूनच हेलिकॉप्टर उडवायचं. 'माझं इंजिन चांगलं आहे' ही भावना घेऊन बसलेल्या माणसाचा हात सेकंदभर उशिरा जातो. दोन्ही हवं.

---

पाना_पक्कड

दोन्ही हवं हे मान्य. पण क्रम माझाच. :)

---

परखड

सगळे उत्साहात आहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. ताई, घेऊ देऊ नका. घरी मुलं असतील. कंपनीत बनलेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या मशीनमध्ये प्रत्येक भागाची चाचणी झालेली असते. इथे कुणीतरी अनोळखी माणसाने रविवारी गॅरेजमध्ये बसून बोल्ट आवळले आहेत. ऑटोरोटेशन इंजिनाचं उत्तर आहे. चुकीच्या बोल्टचं उत्तर काय?

---

यवतमाळी

परखड, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून थांबलोच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत जे झालं ते इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. चोवीस वर्षांचा वेल्डिंगचं काम करणारा पोरगा, स्वतःच्या हुशारीने हेलिकॉप्टर उभं केलेलं. रात्री जमिनीवरच चाचणी घेताना मागचा पंखा तुटला, तो मोठ्या पंख्यावर आदळला आणि मोठा पंखा त्याच्या डोक्याला लागला. मशीन जमिनीवरून उठलंसुद्धा नव्हतं.

नंतर लोकांनी वाटेल ते लिहिलं. कुणी वेडा म्हटलं, कुणी शहीद. मला राग याचा येतो की त्याच्या हातात कसब होतं आणि त्याला 'थांब, हे पातं आधी दोरी बांधून, भिंतीआडून फिरवून बघ' असं सांगणारा एकही माणूस पंचक्रोशीत नव्हता. इंजिन तर त्याचं चालू होतं.

---

निवृत्त_सुभेदार

यवतमाळी, अगदी खरं. फिरणारा भाग पहिल्यांदा फिरवताना माणूस त्याच्या पातळीत उभा राहत नाही, हा आमचा पहिल्या दिवसाचा धडा. त्या पोराला कुणी तो दिलाच नाही. वाईट वाटतं.

परखड यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. रोटर, त्याचा हब (पाती जिथे जोडतात तो मधला भाग), पात्याची मुळं, शेपटीचा ड्राइव्ह, कंट्रोलचे दांडे, यातलं काही तुटलं तर ऑटोरोटेशन उपयोगी पडेलच असं नाही, आणि मुख्य रोटर गेला तर काहीच उपयोगी पडत नाही. म्हणून फौजेत या भागांना तासांची मर्यादा असते. भाग दिसायला नवा असला तरी तास भरले की काढायचा. किटवाले कारखानेही अशी मर्यादा देतात. मालक ती पाळतात का, ते मशीनच्या नोंदवहीत दिसतं.

---

मंजिरी_सातारा

यवतमाळी, +१. गावातल्या मुलांची कसबं पाहिली की अभिमान आणि भीती एकदमच वाटते. आपल्याकडे अशांना रीतसर वाट आहे का?

---

यवतमाळी

आहे, पण लांबची. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये नोंदणी मिळाली आणि उडवून बघायची परवानगी यायला २०१९ उजाडलं. आणि ते स्वतः व्यावसायिक वैमानिक! फुलसावंगीच्या पोराने कुठल्या कार्यालयाचं दार वाजवायचं? अमेरिकेत गावोगाव मार्गदर्शक असतात म्हणे. अश्विनीताई, हे खरं आहे का?

---

अश्विनी_विस्कॉन्सिन

हो, खरं आहे. ईएए (एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन) ही हौशी विमान बांधणाऱ्यांची संस्था इथेच विस्कॉन्सिनमध्ये १९५३ मध्ये सुरू झाली. तिच्या शाखांमध्ये अनुभवी बांधकामगार नव्या माणसाकडे जाऊन काम तपासतात, पैसे न घेता. अर्ध्याहून जास्त काम हौसेने, शिकण्यासाठी स्वतः केलेलं असलं तरच हौशी बांधणीच्या वर्गात नोंदणी मिळते. दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' अशी ठळक पाटी लावावी लागते. पण तुमचा पोरगा यात कुठे बसला असता हे वाचताना सारखं मनात येत होतं.

---

आकडेमोड

परखड यांच्या मुद्द्याला जोड देतो, थोडी वेगळ्या दिशेने. अमेरिकेतल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त अपघात दोन प्रकारचे निघाले, इंजिनाशी संबंधित बिघाड आणि उड्डाणात ताबा सुटणं. त्यांनी बारकाईने तपासलेल्या २०११ च्या अपघातांत निम्म्याहून जास्त विमानं सेकंडहँड घेतलेली होती.

बांधणाऱ्याला प्रत्येक बोल्ट ठाऊक असतो. विकत घेणाऱ्याला ना बांधणी ठाऊक, ना त्या मशीनचं वागणं. अश्विनीताईंच्या घरी जे घडू घातलंय ते नेमकं हेच. परखड म्हणतात अनोळखी माणसाने आवळलेले बोल्ट, ते म्हणूनच मनावर घ्या.

---

जुनी_पानं

अवांतर, पण विषयाला धरून. ऑटोरोटेशन हेलिकॉप्टरच्या आधीचं आहे. स्पेनचा हुआन दे ला सिएर्वा याने १९१९ मध्ये तीन इंजिनांचं मोठं विमान बनवलं, ते कमी उंचीवर वेग मंदावून कोसळलं. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं की वेग गेला तरी पंख फिरतच राहिले पाहिजेत. त्यातून ऑटोजायरो झालं. त्याचा रोटर इंजिनाला जोडलेलाच नव्हता, कायम हवेवरच फिरायचा. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ हेताफेला त्याचं सी-४ उडालं आणि त्यानंतर काही दिवसांतच एका उड्डाणात इंजिन बंद पडलं. मशीन जवळजवळ सरळ खाली आलं आणि काहीही न मोडता टेकलं. ज्यासाठी एवढी वर्षं धडपड केली ते असं न ठरवता सिद्ध झालं! हा प्रसंग वाचताना मला दर वेळी आनंद होतो.

---

चक्रधर

जुनी_पानं, सुंदर प्रतिसाद.

आता मला अश्विनीताईंना एक विचारायचं आहे. तुमच्या यजमानांकडे आधीपासून विमान चालवायचा परवाना आहे का?

---

अश्विनी_विस्कॉन्सिन

हो. छोट्या विमानाचा आहे, बरीच वर्षं चालवतोय. म्हणून तर तो म्हणतो की हेलिकॉप्टरचा भाग लवकर शिकून होईल. का बरं?

---

चक्रधर

मला याचीच धास्ती होती. या धाग्यावर मला सांगायचं होतं ते सगळं इथे येऊन ठेपतं, म्हणून सावकाश लिहितो.

विमानात इंजिन बंद पडलं की दांडा पुढे ढकलून नाक खाली करायचं, म्हणजे वेग टिकतो. वर्षानुवर्षं विमान चालवणाऱ्याच्या हातात हे इतकं मुरलेलं असतं की झोपेतून उठवलं तरी तो तेच करेल. दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये त्या क्षणी सायक्लिक, म्हणजे उजव्या हातातला दिशा देणारा दांडा, झटकन पुढे ढकलला तर रोटरवरचा भार जातो, फेरे आणखी पडतात, आणि भार गेलेला रोटर वाकडा होऊन त्याचा हब मास्टवर, म्हणजे रोटर ज्यावर बसवलेला असतो त्या उभ्या दांड्यावर, आदळू शकतो. मास्ट तुटला की संपलं. म्हणजे इंजिन बंद पडून काही होत नाही, ते बंद पडल्यावर अनुभवी हाताने केलेल्या सवयीच्या हालचालीने होतं. रॉबिन्सन कंपनीने खास विमानचालकांसाठी एक वेगळी सुरक्षा सूचना काढली आहे, तिचा गाभा हाच. त्यांचा अनुभव शांत वेळी उपयोगी पडतो, अचानक प्रसंगात उलटतो.

तुमच्या मशीनला एकच सीट आहे. शेजारी मास्तर बसू शकत नाही. त्यामुळे जे शिकायचं ते आधी दोन सीटच्या मशीनमध्ये, दुहेरी कंट्रोलवर, हात बदलेपर्यंत. मी विद्यार्थ्याला बोलण्यात गुंतवतो, जेवायला कुठे जायचं ते विचारतो, आणि वाक्याच्या मध्येच थ्रॉटल मिटवतो. ज्या दिवशी त्याचं वाक्य चालू राहतं आणि डावा हात तळाला पोहोचलेला असतो, त्या दिवसापासून मी त्याला तयार समजतो.

---

खटपट्या

चक्रधर, तुमच्याबरोबर जेवायला कुठे जायचं हे आधी जमिनीवरच ठरवलेलं बरं. :)

पण गंमत बाजूला ठेवून एक शंका. उंची कमी असली की धोका कमी, असं मला वाटायचं. शंभर फुटांवरूनच उडवत राहिलं तर?

---

चक्रधर

उलट आहे. हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेगाचा एक आलेख असतो. आमच्यात त्याला 'डेड मॅन्स कर्व्ह' म्हणतात, नावावरूनच समजा. एका जागी तरंगताना जमिनीपासून चार-पाच फुटांवर असाल तर इंजिन गेलं तरी पॅडल सांभाळून, कलेक्टिव्ह खाली न टाकता, शेवटी जरा वर ओढून टेकता येतं. पाचशे फुटांवर असाल तर खाली झुकून वेग घ्यायला जागा असते. मधला पट्टा, आर-२२ सारख्या मशीनमध्ये साधारण दहा फुटांपासून चारेकशे फुटांपर्यंत, वेग नसताना वाईट. ना वेग, ना वेग मिळवायला उंची. म्हणून उडताना सरळ उभं वर जायचं नाही. जमिनीलगत पुढे पळत वेग घ्यायचा, मग चढायचं. शंभर फुटांवर थांबून खालच्या लोकांना हात दाखवणारे मला बघवत नाहीत.

---

शेतकरी_मिरज

मी ऊसवाला माणूस. वरून शेत हिरवं दिसतं एवढ्यावर जाऊ नका. उभ्या उसात पंखा गेला तर मशीन उलटणारच. तिकडे मका असतो, जुलै-ऑगस्टमध्ये डोक्यापर्यंत, तोही तसाच. कापलेलं गवत, हरभरा, नांगरून फळी फिरवलेलं रान चांगलं. नुसती नांगरट नको, ढेकळांत स्किड अडकेल. आणि शेतात विजेच्या तारा असतातच. तार दिसत नाही, खांब दिसतो. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असंच धरायचं.

---

चक्रधर

शेतकरी_मिरज, तुम्ही कधी हेलिकॉप्टरमध्ये बसला नसाल तर आश्चर्य आहे. आम्ही शब्दशः हेच शिकवतो. फक्त वाऱ्याची भर घालतो. धूर, तळ्यावरची लाट, झाडाची पानं यांवरून वारा कळतो, आणि तोंड वाऱ्याकडे करून उतरायचं. चालू इंजिनावर उडतानाही दर मिनिटाला स्वतःला विचारायचं, आत्ता बंद पडलं तर कुठे?

---

परखड

चक्रधर यांचा विमानाच्या सवयीचा प्रतिसाद वाचून माझं मत आणखी पक्कं झालं. पण एक मान्य करतो. मी 'घेऊ देऊ नका' म्हटलं ते सरसकट होतं. शिकून, तपासून, मगच असं कुणी करणार असेल तर माझा विरोध निम्मा झाला.

---

अश्विनी_विस्कॉन्सिन

मंडळी, सगळं नवऱ्याबरोबर बसून वाचलं. चक्रधर, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग उठून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि डावा हात खाली नेण्याचा सराव करत राहिला. उजवा हात पुढे जातोय का, ते मी बघत होते. पहिल्यांदा गेलाच.

ठरलं ते असं. दोन सीटच्या हेलिकॉप्टरवर रीतसर रेटिंग घ्यायचं, आणि त्यात ऑटोरोटेशनचे जादा तास मागून घ्यायचे. ते हातात बसल्याचं मास्तरांनी सांगेपर्यंत मशीनचे पैसे द्यायचे नाहीत. विकणाऱ्याने तोवर कुणा दुसऱ्याला विकलं तर विकू दे. त्या गवताच्या शेतातल्या गृहस्थांनाही मी मुद्दाम विचारलं. ते मशीन घेण्याआधी शाळेत जाऊन शिकले होते आणि दर वसंतात जुन्या मास्तरांकडे जाऊन पुन्हा हात तपासून घेतात. माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता मशीन बघायला जाऊ तेव्हा काय काय मागायचं ते पाना_पक्कड आणि सुभेदारकाकांनी सांगावं.

---

पाना_पक्कड

कार्ब्युरेटरच्या जेटचे आणि सुईचे नंबर, कधी बदलले, त्या वेळी हवामान काय होतं. थंडीत बसवलेलं ट्यूनिंग उन्हाळ्यात वेगळं वागतं, आणि उन्हाळ्याचं थंडीत जास्त घातक, कारण थंड हवा दाट असते, मिश्रण पातळ पडतं. एक्झॉस्ट तापमानाची नोंद ठेवली असेल तर ती बघा, खास करून उतरतानाची. नोंदच नसेल तर इंजिन उघडून पिस्टन बघितल्याशिवाय व्यवहार नको. ऑइल कुठलं आणि किती प्रमाणात, तेही त्याच्या तोंडून ऐका. अडखळला तर चहा पिऊन परत या.

---

निवृत्त_सुभेदार

वही आधी, मशीन नंतर. बांधणी चालू असतानाचे फोटो मागा, हबचे आणि पात्यांच्या मुळांचे खास करून. कुठला भाग किती तास चालला, कधी बदलला. पट्टे, बेअरिंग, शेपटीचा ड्राइव्ह. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावलेल्या लॉकवायर आणि स्प्लिट पिना जागेवर आहेत का, बोल्टवर आवळल्याच्या रंगखुणा सरकल्या आहेत का.

आणि फ्रीव्हील. मालकाला मशीन जमिनीवरच पूर्ण फेऱ्यांवर चालवायला सांगा आणि थ्रॉटल झटकन मिटवायला सांगा. तुम्ही लांब, रोटरच्या पातळीबाहेर उभ्या राहा. पॅनेलवर इंजिनाचा काटा लगेच खाली पडला पाहिजे आणि रोटरचा काटा मागे राहून सावकाश उतरला पाहिजे. दोन काटे फाकले नाहीत, तर त्या मशीनमध्ये इंजिन धरल्यावर रोटरही धरेल. मग चक्रधरांनी कितीही शिकवलं तरी फायदा नाही.

---

मंजिरी_सातारा

सुभेदारकाका, एक बाळबोध शंका. इंजिन बंद पडून शेतात उतरलो, तर लगेच बाहेर उडी मारायची की आत बसायचं?

---

निवृत्त_सुभेदार

आग नसेल तर पट्टा न सोडता आत बसायचं, पंखा पूर्ण थांबेपर्यंत. फेरे कमी झाले की पाती खाली लवतात, वाऱ्याच्या झोताने आणखी खाली येतात, आणि उतारावर तर माणसाच्या डोक्याच्या उंचीला येतात. पेट्रोलचा कॉक बंद, बॅटरी बंद, आणि कुणी धावत येत असेल तर हाताने लांब थांबायची खूण करत राहायचं. लोक मदतीला म्हणून सरळ पंख्याखाली धावत येतात. शेपटीच्या बाजूने तर कुणालाच येऊ द्यायचं नाही.